खापर कुणाचं, त्याआधी खापर कुठलं

तेरणेच्या काठावरचं एक गाव. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण असली गावं लातूर जिल्ह्यात पुष्कळ आहेत आणि गोष्ट बहुतेकांची सारखीच आहे. गावाच्या उगवतीला एक जुनं टेकाड आहे, त्याला गावात पांढरी म्हणतात. एप्रिलच्या उन्हात तिथं ट्रॅक्टर उभा होता आणि दोघंतिघं टिकावानं टेकाडाची कड फोडून माती ट्रॉलीत भरत होते. टिकावाच्या प्रत्येक घावासरशी मातीबरोबर खापरं घरंगळत खाली येत होती. लाल, राखी, काळी. मी ती वेचायला लागलो तसा ट्रॅक्टरवाला हसला.

"काय हुडकू लालाव, सर? खापरं व्हय? न्या की पोतंभर."

"आणि हाडूक निघालं तर?" मी विचारलं.

"जनावराचं आसंल म्हणून फेकून देताव." मग जरा थांबून त्यानंच विचारलं, "पर ही कुणाची आसतील ओ?"

हा प्रश्न मला नवा नाही. जुन्या खापराचा तुकडा हातात पडला की शिकलेला असो वा अडाणी, प्रत्येक माणूस हेच विचारतो: कुणाचं? आपल्या लोकांचं की दुसऱ्यांचं? माझं म्हणणं असं आहे, की या प्रश्नाला घाई झाली की पुरातत्त्व बिघडतं. त्याच्या आधी एक साधा प्रश्न विचारायला हवा, 'कुठं सापडलं?' किती खोल, कुठल्या थरात, कशाला लागून, तोंड वर की खाली. हे जो नोंदवतो त्याच्याशी खापर बोलतं. ट्रॉलीत पडलेलं खापर मात्र, ते कितीही सुंदर असो, मुकं झालेलं असतं. प्राचीन दफनांच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं आहे.

आधी पांढरीबद्दल. आपल्या खेड्यांत जमिनीचे दोन रंग मानतात. काळी पिकते, पांढरी नांदते. जुन्या कागदांतही गावाचा उल्लेख काळी-पांढरी असाच येतो. वस्तीची जमीन पांढरी होते ती चुलीच्या राखेनं, शेणानं, चुन्यानं, पडून पुन्हा उभ्या राहिलेल्या मातीच्या भिंतींनी. शतकानुशतकं हा गाळ साचत जातो आणि सपाट रानात टेकाड उभं राहतं. ही माती भुसभुशीत आणि खतासारखी असते. रानात टाकली की पीक जोर धरतं, माळवदावर पसरून चोपली की पावसाचं पाणी आत येत नाही. म्हणजे मराठवाड्यातल्या माणसानं हजार-दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव एकतर ज्वारीला घातलं, नाहीतर डोक्यावर घेतलं. खाली माणसं झोपत होती, वर माळवदात कुण्या काळच्या चुलीची राख आणि फुटक्या रांजणाचे तुकडे. याला मी गुन्हा म्हणणार नाही. माती वापरायची असते हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. पण त्या मातीत काय काय असू शकतं, हे एकदा नीट पाहिलं पाहिजे.

ते पाहायला गोदावरीनं वर जावं लागतं. नांदेडच्या घाटाला जे पाणी येतं त्यात प्रवरेचंही पाणी असतं. प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला मिळते. त्या प्रवरेच्या खोऱ्यात जोर्वे, नेवासे, दायमाबाद ही गावं आहेत. १९५० नंतरच्या तीन दशकांत या टेकाडांनी महाराष्ट्राच्या इतिहासाची सुरुवात हजारभर वर्षांनी मागे नेली. त्याआधी आपला इतिहास सातवाहनांपासून सुरू व्हायचा. हसमुख सांकलिया आणि त्यांच्या डेक्कन कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी नेवाशाला खणलं आणि सातवाहनांच्या कितीतरी खाली तांबं आणि दगड दोन्ही वापरणारे शेतकरी सापडले. त्यांच्या मडक्यांना नाव मिळालं जोर्व्याचं. ही मडकी लाल असतात, वर काळ्या रंगानं काढलेल्या सरळ-तिरप्या रेघा, जाळ्या, चौकटी. पण खरी ओळख आवाजाची. चांगलं भाजलेलं जोर्वे खापर नखानं वाजवलं तर धातूसारखं खणखणतं.

इथं तेरच्या माणसाला गोरोबाकाकांची आठवण होणारच. संतांची मांदियाळी तेरला जमली, मुक्ताबाईनं थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं आणि गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते सांगितलं, अशी कथा आहे. नामदेव कच्चं मडकं ठरले. नामदेव नरसीचे, म्हणजे नांदेडच्या शेजारच्याच मुलखातले, त्यामुळे ही कथा सांगताना आमच्याकडे सगळे जरा जास्तच रंगतात. कुंभार मडकं वाजवून आतलं भाजणं ओळखतो. पुरातत्त्वज्ञ तेच करतो. फरक इतकाच, की त्याला आवाजाच्या पुढं जाऊन ते मडकं कुठल्या घरात, कुठल्या कामाला होतं हे शोधायचं असतं.

ते सगळ्यात चांगलं समजलं इनामगावला. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे टेकाड आहे. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजनं ते खणलं, सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० असं नऊ शतकांचं ते गाव. कुडाच्या भिंती, धान्याची कणगी, चूल, अंगण. आणि घराच्या जमिनीखाली दफनं, दोनशेहून अधिक. त्यांतली बहुतेक लहान मुलांची.

एक दफन जवळून पाहू. जमिनीत खड्डा आहे. त्यात दोन मडकी आडवी ठेवलेली, तोंडाला तोंड लावून. आत बाळाची हाडं, काटक्यांएवढी. ही मडकी बहुधा राखी रंगाची, जाड, हातानं घडवलेली, रोजच्या घरातल्या जातीची. पण त्यांच्या शेजारी एक तोटीचं भांडं आणि एक वाडगा ठेवलेला असतो आणि ती भांडी चाकावरची, लाल, रंगवलेली असतात. म्हणजे बाळाला झाकायला घरातली ओबडधोबड भांडी आणि त्याच्या तहानेला घरातलं चांगलं भांडं. वर पुन्हा जमीन सारवलेली. त्याच जमिनीवर आई स्वयंपाक करत असणार, दुसरी मुलं झोपत असणार.

आता ही चार भांडी उचलून कपाटात मांडा. पाटी लावा: 'राखी रंगाचे रांजण, दोन. तोटीचे भांडे, एक. वाडगा, एक. ताम्रपाषाणयुग.' पाटीत एक अक्षर खोटं नाही आणि तरीही सगळं गेलेलं आहे. तोंडाला तोंड लावलं होतं हे गेलं. चूल किती हातांवर होती हे गेलं. भारी भांडं कुणासाठी आणि जाडंभरडं कुणासाठी, ही निवडही गेली.

भांड्याचा अर्थ त्याच्या जागेत असतो, हे पटायला तीन हजार वर्षं मागे जायचीही गरज नाही. आमच्या आठवडी बाजारात कुंभार बसतो. त्याच्यापुढच्या एकाच भट्टीतल्या मडक्यांपैकी एक कुणी पाण्याला नेतो. दुसरं अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं भरून पूजलं जातं. तिसऱ्यात येळवशीला आंबील भरतात आणि ते बिंदगं डोक्यावर घेऊन बाई रानातल्या कोपीकडं निघते. चौथं स्मशानात जातं. पाणी भरून खांद्यावर, तीन फेऱ्या, फेरीगणिक दगडानं एक भोक, आणि शेवटी मागं न बघता टाकून देणं. चारही मडक्यांची माती एक, चाक एक, आवा एक. संग्रहालयाच्या फळीवर चारही भाऊ-भाऊ दिसतील. त्यांतलं कुठलं लेकराच्या तहानेचं आणि कुठलं बापाच्या मरणाचं, हे फक्त जागा सांगते. भोक पडलेलं, स्मशानाच्या कडेला फुटून पडलेलं, असं सापडलं तरच ते बोलेल.

इनामगावात याचा फार चांगला दाखला आहे. वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचं घर होतं, गावातल्या मोठ्या घरांपैकी एक, धान्याचं कोठार असलेलं. त्याच्या अंगणात चार पायांचं एक मोठं रांजण सापडलं आणि त्यात मांडी घालून बसवलेला एक प्रौढ पुरुष. बाकी मोठी माणसं त्या गावात बहुतेक उत्तरेकडे डोकं करून उताणी पुरलेली आहेत, आणि त्यांची पावलं घोट्यावरून तोडलेली आहेत. मेलेल्यानं उठून चालू लागू नये म्हणून असेल, असा उत्खनकांचा कयास. या बसलेल्या माणसाची पावलं मात्र शाबूत. तो गावाचा प्रमुख असावा, असं मानलं जातं.

मला त्या रांजणाची दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. ते कच्च्या मातीचं आहे, भाजलेलं नाही. कच्च्या मडक्यात पाणी राहत नाही. धान्य ठेवायला अवजड, हलवायला धोक्याचं. म्हणजे हे भांडं कुठल्याच रोजच्या कामाचं नव्हतं. ते या एका कामासाठीच घडवलं असणार. लेकरांना घरातल्या भांड्यांत ठेवणाऱ्या गावानं या एका माणसासाठी वेगळं भांडं केलं. सत्ता म्हणजे काय, वेगळेपण म्हणजे काय, हे सोन्याच्या एका कणाशिवाय इथं कळतं, आणि कळतं ते अंगण, कोठार, मांडी, पावलं आणि न भाजलेली माती या सगळ्यांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यामुळं. नुसतं रांजण कुणी बाजारात आणून विकलं असतं तर गोरोबांच्या भाषेत ते कच्चं मडकंच ठरलं असतं.

आता 'कुणाचं'कडे वळू. लातूर-नांदेडच्या माणसाला मांडी घालून बसवलेला मृत पुरुष ऐकला की लगेच काय आठवतं, हे मला माहीत आहे. आमच्याकडच्या लिंगायत समाजात मृताला बसवूनच समाधी देतात, हातात इष्टलिंग ठेवून. लातूरच्या सीमेला लागूनच बसवकल्याण आहे. मग ओढावी का रेघ, इनामगावपासून कल्याणपर्यंत? तसंच, दात न आलेलं मूल आजही पुष्कळ घरांत जाळत नाहीत, पुरतात. ओढावी का ही दुसरी रेघ? मोह होतो. पण इनामगाव ओस पडलं आणि बसवण्णा बाराव्या शतकात झाले, या दोहोंमध्ये अठराशेहून जास्त वर्षं जातात. दोन माणसं सारखी बसली म्हणून ती एका घरातली ठरत नाहीत. लेकरू गेलं की त्याला जवळ ठेवावंसं वाटणं, ही कुठल्या एका जातीची मिरास नाही. साम्य दिसलं की वंशावळ मांडायची, ही आपली जुनी खोड आहे, आणि ती फक्त आपलीच नाही.

मेडोज टेलर हे नाव आमच्या भागात अजून ऐकू येतं. १८५३ नंतर काही वर्षं हा इंग्रज अधिकारी नळदुर्गला होता. त्याआधी तो शोरापूरला होता आणि तिथं जेवरगीच्या आसपास त्यानं दगडांची वर्तुळं असलेली जुनी दफनं खणली होती. आत सांगाडे, लोखंडी हत्यारं, मडकी. त्याला प्रश्न पडला तोच: कुणाची? इंग्लंड-आयर्लंडमध्ये अशीच दगडी स्मारकं असतात, म्हणून त्यानं उत्तर दिलं, ही केल्ट, ड्रुइड किंवा शक लोकांची. १८६२ साली रॉयल आयरिश अकादमीनं त्याचा जो निबंध छापला त्याच्या मथळ्यातच ही नावं आहेत. आज हे उत्तर कुणी मानत नाही. पण टेलरनं आणखी एक गोष्ट केली होती. खड्ड्याचा उभा छेद त्यानं कागदावर काढला होता. वर कुठली माती, खाली कुठली, दगड कुठं, मडकी कुठं, हाडं कुठं. शंभर वर्षांनी मॉर्टिमर व्हीलरसारख्या कडक शिस्तीच्या उत्खनकानं त्या रेखाटनाची वाखाणणी केली. एकाच माणसाची दोन कामं. 'कुणाचं' याचं उत्तर कालबाह्य झालं, 'कुठं' याची नोंद अजून कामाला येते. माझ्या म्हणण्याला याहून चांगला साक्षीदार मी शोधायला जाणार नाही.

टेलरसारखा केल्ट आपण शोधत नाही, पण आपले आपले केल्ट प्रत्येकाकडे आहेत. कुणाला आर्य हवे असतात, कुणाला द्रविड, कुणाला आपल्या जातीचा पहिला पुरुष. मडकं यांतलं काही सांगत नाही. मडक्याला जात नसते आणि मातृभाषाही नसते. एका गावची मडकी दुसऱ्या गावात विकली जातात, सून माहेरची पद्धत घेऊन येते, कुंभार ज्याचं गिऱ्हाईक जास्त त्याच्या आवडीचं घडवतो. जोर्वे मडकी वापरणारे लोक एका रक्ताचे होते असं म्हणणं म्हणजे स्टीलचा तांब्या वापरणारे सगळे एका रक्ताचे, असं म्हणण्यासारखं आहे.

यावर कुणी म्हणेल, मग उरलं काय? कुणाचं ते सांगता येत नसेल तर ही हाडं-खापरं उकरायची कशाला? उरतं ते पुष्कळ. लातूरकरांना कळेल असंच एक सांगतो.

इनामगावच्या शेवटच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी १००० नंतर, मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. मडकीही उतरत्या कळेची. ढवळीकरांनी याचं कारण दिलं दुष्काळ: पाऊस हटला, शेती बसली, माणसं शेरडं-मेंढरं घेऊन भटकू लागली. मिरजेहून पाणी भरून आलेली रेल्वे १२ एप्रिल २०१६ ला लातूर स्टेशनात शिरताना ज्यांनी पाहिली, त्यांना हे उत्तर लगेच पटेल. पण नंतर ग्वेन रॉबिन्स शुग या अभ्यासक बाईंनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव इथल्या मुलांच्या सांगाड्यांवर काम केलं. त्यांचं पुस्तक २०११ साली आलं. मुलाचं हाड आणि दात उपासमारीची नोंद ठेवतात. वाढ थांबते, दाताच्या कवचावर आडवी रेघ उमटते. शेवटच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली त्यांना दिसली. पण सगळा दोष आभाळावर टाकणाऱ्या सोप्या कहाणीवर त्यांनी प्रश्नही उभे केले.

कोण बरोबर, हा इथं मुद्दा नाही. ढवळीकरांचं म्हणणं तपासून पाहणं तीस वर्षांनी कशामुळं शक्य झालं, हा मुद्दा आहे. प्रत्येक सांगाडा कुठल्या थरातला, कुठल्या घरातला, कुठल्या मडक्यांबरोबरचा, हे लिहून ठेवलं होतं म्हणून. दुष्काळात आधी कुणाचं ताट रिकामं होतं, पाऊस कमी पडला की माणसाची व्यवस्था कमी पडली, हे प्रश्न लातूरच्या माणसानं २०१६ मध्येही विचारले. तेच प्रश्न तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावाला विचारता येतात, अट एकच: हाडं आणि खापरं एकमेकांपासून तुटलेली नसावीत. 'आमचे पूर्वज कोण' यापेक्षा 'त्यांची मुलं का मेली' हा प्रश्न मला जास्त आपला वाटतो.

कधी कधी तर एक धागासुद्धा पुरतो. नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या क्षारांमुळं मण्यांच्या आतला धागा सडला नाही. तपासल्यावर त्यात रेशीम आणि कापसाचे तंतू निघाले. काळ साडेतीन हजार वर्षांच्या आसपासचा. कापसाचा मुलूख म्हणून मिरवणाऱ्या आपण हा धागा खरं तर शाळेच्या पहिल्या धड्यात वाचायला हवा. पण मणी धुऊन, नव्या दोऱ्यात ओवून कुणी गळ्यात घातले असते तर?

पुढच्या लोहयुगात मेलेला माणूस घरातून बाहेर गेला. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथं दगडांची वर्तुळं आहेत. आत माणसाबरोबर लोखंडी हत्यारं, काही ठिकाणी घोड्याची हाडं आणि त्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे अलंकार. मडकी काळी-लाल, म्हणजे आतून आणि काठाला काळी, बाहेरून लाल. आव्यात ती बहुधा पालथी रचत; आत हवा पोचत नाही, धूर कोंडतो आणि आतली बाजू काळी पडते, बाहेरची जाळानं लाल होते. नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी या वर्तुळांवर आयुष्याचा मोठा काळ घातला. इनामगावात मूल चुलीशेजारी पुरलं जात होतं, इथं वीर वस्तीबाहेर दगडांच्या कड्यात झोपला. मरणाची जागा बदलली, याचा अर्थ जगण्यातही काहीतरी मोठं बदललं.

आता नकाशा पाहा. पश्चिमेला प्रवरा-गोदावरीकाठची घराखालची दफनं. ईशान्येला, किनवट-माहूरच्या पलीकडं, विदर्भ आणि त्याची वर्तुळं. दक्षिणेला आणि पूर्वेला टेलरची जेवरगी आणि तेलंगणातली महापाषाणी दफनं. या सगळ्यांच्या मधोमध नांदेड आणि लातूर. इनामगावसारखं वर्षानुवर्षं चाललेलं उत्खनन या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला आलेलं नाही. नकाशावर जागा कोरी दिसली की तिथं काही नव्हतं असं लोक धरून चालतात. कोऱ्या जागेचा अर्थ बऱ्याचदा इतकाच असतो, की तिथं कुणी खणायला आलं नाही. आणि आम्ही इथं ट्रॉल्या भरतो आहोत.

याला शेतकऱ्याची बाजू आहे आणि ती खोटी नाही. पांढरी खणू नका, असं सांगणारा त्याला बदल्यात काय देतो? रान अडकलं, खातं सरकारजमा झालं, चकरा वाढल्या, एवढंच त्याला दिसतं. कायदाही काही फार शहाणा नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो, की दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टराला कळवा. म्हणजे कायद्याची नजर सोन्यावर. खापराची किंमत दहा पैसेही नाही, त्यामुळं ज्यात सगळा इतिहास आहे ते कायद्याच्या चाळणीतून खाली पडतं आणि ज्यात इतिहास थोडा आणि हाव जास्त, ते वर राहतं.

मग वाट कुठली? तेरचे रामलिंगप्पा लामतुरे आठवतात. या व्यापारी माणसानं गावात, रानात, ओढ्याकाठी सापडलेल्या हजारो वस्तू गोळा केल्या. मातीच्या आणि केओलिनच्या मूर्ती, मणी, नाणी, भांडी, हस्तिदंती बाहुली. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक ग्रंथातल्या तगर बाजारपेठेचं, म्हणजे जुन्या तेरचं, वैभव आज जे कुणी डोळ्यांनी पाहतं ते त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या तेरच्या संग्रहालयात. ते नसते तर हे सगळं मुंबई-लंडनच्या बाजारात गेलं असतं किंवा ज्वारीला. त्यांच्यापुढं हात जोडूनच मी पुढचं बोलतो: त्या वस्तूंपैकी बहुतेकांची जागा आता कळत नाही. त्या काळी एका माणसानं एवढं केलं हेच अफाट. आज मात्र प्रत्येक खिशात कॅमेऱ्याचा फोन आहे आणि त्याला अक्षांश-रेखांश कळतात. गावच्या शाळेत एक वही ठेवा. ट्रॉली भरायच्या आधी कड्याचा एक फोटो, त्यावर टेप लावून खोली, काय निघालं ते दोन ओळींत. पूर्ण रांजण किंवा हाड दिसलं तर त्या दिवसापुरता टिकाव दुसरीकडं चालवायचा आणि तहसीलला, विद्यापीठाला कळवायचं. उत्खनन नंतर होईल किंवा होणार नाही. नोंद तरी उरेल. टेलरचा कागद उरला तशी.

जागेचं मोल नांदेडकराला तर समजवायलाच नको. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांवर जिथं अंत्यसंस्कार झाले ती जागा लोकांनी राखली, पुढं रणजितसिंगांच्या काळात तिथं हजूर साहिब उभं राहिलं आणि आतल्या गाभाऱ्याला आजही अंगीठा साहिब म्हणतात. चिता किती मागे ठेवते? मूठभर राख. पण हीच ती जागा, एवढ्या एका गोष्टीसाठी जगभरातून माणूस येतो. मराठवाड्यात मयताला गेलेला माणूस, मग तिथं जाळलेलं का असेना, 'मातीला गेलो होतो' असं म्हणतो. भाषेला माहीत आहे की शेवट एका विशिष्ट मातीत होतो.

शेवटी किल्लारीकडे येतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक घरी आले, झोपले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीनं जड झालेली माळवदं झोपलेल्यांवर आली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मिळून दहा हजारांच्या घरात माणसं गेली. मृतांना बाहेर काढून अग्नी दिला, गावं दुसरीकडं वसली आणि जुनी गावठाणं तशीच मागे राहिली. बाभळी वाढल्या. भिंतींची माती पावसानं बसत चालली. ती गावठाणं आता पांढरी होत आहेत.

तीन हजार वर्षांनी तिथं कुणी खणलं आणि पहिला प्रश्न विचारला, 'हे लोक कोण?', तर त्याला चार जातींची, दोन-तीन धर्मांची, एका भाषेची नावं मिळतील किंवा मिळणार नाहीत. फरक काही पडणार नाही. पण त्यानं आधी जागा पाहिली, तर त्याला एका थरात सगळी घरं एकाच वेळी पडलेली दिसतील. चुली विझलेल्या, घासून पालथी घातलेली भांडी, वळकट्या पसरलेल्या, दाराला आतून कडी. आणि एकाही अक्षराशिवाय त्याला कळेल, की ही माणसं झोपेत होती.

फक्त तोवर कुणी ती माती ट्रॉलीत भरून नेलेली नसली पाहिजे.